बरा दिसणारा आकडा

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, आणि तिची पाठ वळली की पाताळताई. हे दुसरं नाव तिला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. ते पहिल्यांदा कोण बोललं, कोणाला हसू आवरलं नाही आणि कोण साळसूदपणे खिडकीबाहेर बघत राहिलं, हे सगळं तिच्या लक्षात होतं, कारण ताईच्या नाकावर राग असायचा आणि डोक्यात हिशेब. जमिनीची मोजणी करणाऱ्या बाईला दोन्ही लागतात. शेजाऱ्याशी वाजलं की मगच लोकांना आपली हद्द आठवते, आणि मोजणारं माणूस मऊ निघालं तर दोन्हीकडचे मिळून त्याला पार तिंबून काढतात. ताईला तिंबायला कोणी धजलं नव्हतं.

नावाची हकिगत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुनी हद्द शोधायची म्हणजे आधी जुना नकाशा घेऊन गणित मांडायचं, की कोपऱ्याचा दगड अमुक जागी असायला हवा. असायला हवा, म्हणजे असेलच असं नाही. त्या जागेला शोधबिंदू म्हणतात. तो यंत्रात भरायचा, यंत्र दाखवेल तिकडे काठी घेऊन चालायचं, आणि तिथे पोचलं की कुदळ-फावडं. आता यंत्राची एक खोड आहे. आडवं किती आणि उभं किती एवढ्यावर त्याचं समाधान होत नाही, ते उंचीही विचारतं. ज्या जागेवर अजून पाय पडलेला नाही तिची उंची कोण सांगणार? जुन्या नकाशात ती नसतेच. तेव्हा काहीतरी आकडा टाकावा लागतो, नुसती जागा धरून ठेवायला, बसच्या सीटवर रुमाल टाकतात तसा.

ताई टाकायची उणे नऊशे नव्व्याण्णव. म्हणजे जमिनीच्या पोटात जवळजवळ किलोमीटरभर खाली. तिचं म्हणणं सरळ होतं. खोटा आकडा टाकायचाच तर असा टाकावा की आंधळ्यालाही तो खोटा आहे हे कळावं. नकाशा काढणाऱ्याने फाइल उघडली की मैदानाच्या मधोमध भलंमोठं भोक दिसायचं, तो हसायचा, ते बिंदू काढून टाकायचा आणि मग पुढचं काम करायचा. हा नकाशा काढणारा म्हणजे तिचा जावई. तो ऑफिसात आधी आला आणि मग तिच्या मुलीच्या आयुष्यात, की उलटं, यावर घरात अजून एकमत नाही. घरी तो तिला आई म्हणायचा, ऑफिसात ताई, आणि घाईत दोन्हींची भेसळ व्हायची. "ताई, तुमचं पाताळ आलं बरं का," असं तो टेबलावरून ओरडायचा आणि ती म्हणायची, "बुजवा, जावईबापू, तेवढंच पुण्य लागेल."

हे सगळं छान चाललं होतं. मग एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाबरोबरच्या मीटिंगमध्ये मालकांना उत्साह आला आणि त्यांनी जावयाची वाट न बघता कच्ची फाइलच भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडली. पडद्यावर हिरवीगार जमीन, आणि तिच्यात चार भयाण खड्डे. गिऱ्हाइकाने विचारलं, "इथे काय, थेट नरकात जायची सोय केलीय का?" सगळे खो-खो हसले. मालकांचा चेहरा पडला. ते ताईकडे वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, यापुढे जरा बरा दिसणारा आकडा टाकत जा." ताईला त्याचं एवढं काही वाटलं नसतं. मालक बोलायचेच. पण तिने पाहिलं, जावईही हसत होता.

झालं. तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती तिथेच राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने जावयाशी बोलणं टाकलं. घरी मुलीमार्फत निरोप, ऑफिसात फाइल त्याच्या टेबलावर आपटून निघून जाणं. आणि आकडा मागितलाय ना बरा दिसणारा, मग घ्या! पुढच्या कामात तिने त्या जमिनीची साधारण उंची काढली, बावन्न मीटर, आणि सगळ्या शोधबिंदूंना तीच चिकटवून दिली. फाइल नेऊन दिली तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं: हे बावन्न खरं नाही, काढून टाका. पण अबोला म्हणजे अबोला. तिला वाटलं, त्याला काय डोळे नाहीत?

त्याला डोळे होते. पण बावन्न बघून कोणाचे डोळे विस्फारणार?

काही आठवड्यांनी एका दुपारी ताईच्या टेबलावर त्याच कामाचा नकाशा येऊन पडला. उतारावरच्या एका जागेत संरक्षक भिंत बांधायची होती. खोदाई सुरू झाली आहे, उद्या भिंतीची आखणी करून द्यायची, अशी चिठ्ठी वर टाचलेली. ताईने चष्मा लावला आणि वरचा कोपरा शोधला. जमीन चढते तिथे नकाशावर उंचीच्या रेषा एकमेकींना खेटून येतात. त्या कोपऱ्यात तर दोन पुरुष उंच मातीची दरड होती, तिथे रेषांची नुसती दाटी व्हायला हवी. तिने बोट ठेवलं. रेषा ऐसपैस पसरलेल्या होत्या, जणू तिथे कोणी गालिचा अंथरला होता.

"दरड कुठे गेली?" ती मोठ्याने म्हणाली.

दरड होती, यात शंका नव्हती. तिच्या गुडघ्याला आठवत होती. काटेरी झुडपं धरत, हातावर ओरखडे घेत ती त्या दरडीवर चढली होती, कोपऱ्याचा दगड शोधायला. वर एका शिंप्याचं घर होतं, अगदी कडेला. शिंपी मागच्या खिडकीत शिवणयंत्रावर बसलेला, गळ्यात टेप. "उकरा, बाई, उकरा," तो म्हणाला होता. "दगड सापडला नाही तर सोबत आणलेला पुरून टाका, म्हणजे झालं." ताईनेही सोडलं नव्हतं. "तुम्ही मापं घेता तेव्हा कापड पळवता काय हो?" असं ती म्हणाली होती. दगड मिळाला नाही. झुडपांमुळे दरडीची उंचीही घेता आली नाही. झुडपं तोडली की परत येऊ, असं तिने ठरवलं आणि मग दुसरी कामं आली.

म्हणजे त्या कोपऱ्यात खरी उंची एकही नव्हती. होते ते फक्त तिचे शोधबिंदू. तिने चष्मा कागदाला टेकवून पाहिलं. कोपऱ्यावर बारीक अक्षरात छापलं होतं: बावन्न.

खरं सांगायचं तर ती घाबरली, आणि ताईला घाबरायची सवय नव्हती. कारण पुढचं सगळं तिला एका क्षणात दिसलं. हा नकाशा भिंतीच्या इंजिनिअरकडे गेला. त्याच्या हिशेबाने कोपऱ्यात खोदाई कमरेइतकी. कमरेइतक्या खोदाईला कोण टेकू लावतं? म्हणून टेकू नाहीत. आणि तिथे मशीन आता काय खोदत असेल? दोन पुरुष दरड आणि शिवाय ती कमर, सरळ उभी कापत, वर घर. जागेवरच्या ठेकेदाराला ती दरड दिसत नसेल का? दिसत असेलच. पण कागदावर सही होती, आणि सही असली की माणसाला स्वतःचे डोळे परके वाटायला लागतात.

तिने ठेकेदाराला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. मग ती उठली, जावयाच्या टेबलाशी गेली आणि मीटिंगनंतर पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली.

"गाडी काढा."

त्याने वर पाहिलं. "आई? काय झालं?"

"ते बावन्न माझं आहे. गाडी काढा आधी."

जावई गाडी चालवायचा ती परीक्षेला बसल्यासारखी. प्रत्येक वळणाला दिवा, प्रत्येक चौकात थांबणं. एरवी ताईला याचं कौतुक असायचं, मुलगी चांगल्या हातात पडली म्हणून. आज तिने दोनदा डॅशबोर्डवर हात आपटला. वाटेत तिने त्याला सगळं सांगितलं, फोन कानाला लावूनच. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पांढरा होत गेला.

"पण मला वाटलं तुम्ही ती उंची घेतलीय," तो म्हणाला. "वरच्या कोपऱ्याची. तुम्ही नेहमी उणे टाकता ना, म्हणून मला वाटलं, बावन्न आहे म्हणजे मोजलेलंच असणार."

"तेच तर."

"मला एक शब्द बोलला असतात तर—"

"नाही बोलले. रागात होते. तुम्ही हसलात म्हणून."

त्याने पुढच्या वळणाचा दिवा लावला. "नकाशावर सही माझी आहे, आई."

"रस्त्याकडे बघा," ती म्हणाली. या पोराने हसून हसून केलं काय होतं? चार माणसांबरोबर हसला होता. त्यासाठी तिने तोंडाला कुलूप लावून घेतलं, आणि आता एका घराचा जीव टांगणीला लागला होता. स्वतःची एवढी चीड तिला कधी आली नव्हती.

ते पोचले तेव्हा मशीन बंद होतं. मशीनवाला सावलीत डबा खात बसला होता. खालून पाहिलं तर दरड नव्हतीच. तिच्या जागी उभी कापलेली लालसर मातीची भिंत, ताज्या जखमेसारखी ओली, आणि अगदी वर, त्या भिंतीच्या ओठावर, शिंप्याच्या मागच्या खोलीचं जोतं. मातीतून एका जागी पाणी झिरपत होतं. ताई बघत होती तेवढ्यात मूठभर माती सुटली आणि सळसळत खाली आली.

"टेकू का नाही लावले?" ती ओरडली.

मशीनवाल्याने घास गिळला. "कागदात नाहीत, बाई. मी विचारलं होतं. म्हणाले, कागदात नाहीत."

"मशीनला हात लावू नका. कोणाला त्या मातीखाली जाऊ देऊ नका. आणि ठेकेदाराला शोधा, कुठेही असू दे." तिने जावयाला मालकांना फोन करायला सांगितलं आणि ती पुढच्या गल्लीने वळसा घालून वर निघाली. गुडघा बोंबलत होता. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

शिंप्याच्या घराला दोन खोल्या. पुढची राहायची, मागची कामाची. दार त्याच्या बायकोने उघडलं. हातात बटणांचा डबा होता. ताई आत घुसली ती थेट मागच्या खोलीत. शिंपी यंत्रावर होता, बाजूला कपड्यांचा ढीग. यंत्राच्या पायापाशी फरशीला भेग गेलेली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ताईने वाकून कानावरची पेन्सिल काढली आणि भेगेत खोचली. ती घट्ट उभी राहिली.

"हे काय चाललंय?" शिंपी म्हणाला. "आता घरातही उकरणार का?"

"घराबाहेर चला. दोघंही. आत्ताच्या आत्ता."

शिंपी हसला. त्या हसण्यात गंमत काही नव्हती. "येणार, हे मला ठाऊकच होतं. मी हिला म्हटलं होतं, आधी दगड शोधायला येतील, मग घर रिकामं करा म्हणतील. एकदा बाहेर पाऊल टाकलं की आत यायला तुमचीच परवानगी! बाई, हे घर माझ्या बापाने बांधलंय. मी इथून हलत नाही."

"खाली माती कापलीय. टेकू नाहीत. ही भेग बघा."

"फरशी जुनी आहे."

"अहो, ती भेग काल नव्हती," बायको दारातून म्हणाली.

"तू गप्प बस. तुला या लोकांच्या युक्त्या कळायच्या नाहीत." तो ताईकडे वळला. "तुमच्या नकाशात काय लिहिलंय? खोदाई धोक्याची आहे असं लिहिलंय? दाखवा कागद. खालच्या लोकांनी मला कागद दाखवलाय. त्यात तर सगळं सपाट आहे. मग खोटं कोण, कागद की तुम्ही?"

आयुष्यभर ताईने माणसांना कागद दाखवून गप्प केलं होतं. आता तोच कागद तिच्या तोंडावर येऊन आदळला होता, आणि त्याला उत्तर एकच होतं. ते बोललं की संपलं: पत गेली, कदाचित परवाना गेला, आणि ज्याला त्याला हे सांगायला शिंपी मोकळा. तिला हेही वाटून गेलं, की आणखी थोडा वेळ समजूत घालून बघावी, हात जोडावेत, पोलिसांना बोलवावं. पण पायाखाली काहीतरी करकरलं. आवाज बारीक होता, चामड्याची नवी चप्पल वाजते तेवढाच.

"कागद खोटा आहे," ती म्हणाली. "मी खोटा केलाय. त्या कोपऱ्याची उंची मी मोजलीच नाही. झुडपं होती. आकडा हवा होता म्हणून मी आपला एक टाकून दिला, आणि तो खोटा आहे हे कोणाला सांगितलं नाही, कारण मी घरातल्या माणसावर रुसले होते. त्या आकड्यावर त्यांनी खोदलंय. घर पडलं तर ते माझ्यामुळे पडेल. तुम्ही आत असलात तर तुम्हीही माझ्यामुळे मराल. मला तुमची जमीन नको हो. मला तुम्ही बाहेर हवे आहात."

तिचा आवाज फाटला. शिंप्याचं पाऊल यंत्राच्या पायट्यावर तसंच राहिलं.

बायकोने बटणांचा डबा खाली ठेवला. "उठा," ती म्हणाली.

"अगं, पण—"

"उठा म्हणते ना! जमीन लाटायला आलेलं माणूस स्वतःच्याच गळ्यात दोर घालून घेत नाही. उठा."

शिंप्याने बायकोकडे पाहिलं, मग फरशीकडे. पेन्सिल भेगेत नव्हती. आत पडली होती.

तो उठला. ताईने त्याचा दंड धरला, बायकोने दुसरा, आणि तिघं पुढच्या दारातून गल्लीत आले. जावई धापा टाकत समोरून येत होता. शेजारची माणसंही आता बाहेर आली होती. ताई त्यांना हाताने मागे सारत होती, तेवढ्यात शिंपी थबकला.

"गिऱ्हाइकांचे कपडे!" तो म्हणाला. "सगळे आत आहेत. लोकांचं कापड आहे ते. मी काय तोंड दाखवू?" आणि तो परत वळला.

जावयाने त्याला छातीशी अडवलं. "तुम्ही थांबा. मी आणतो."

"काही गरज नाही!" ताई किंचाळली. "जावईबापू, कपडे गेले तर जाऊ देत!"

पण तो आत शिरला होता. ताई त्याच्यामागे धावली आणि शिंप्याच्या बायकोने तिची साडी नव्हे, थेट कंबरच धरली. बाई अंगाने किरकोळ होती, पण पकड सांडशीची. ताईला उघडं दार दिसत होतं, त्याच्या आत पुढची खोली आणि पलीकडे उजेडाचा एक चौकोन. त्या चौकोनात जावई वाकलेला दिसला, कपडे गोळा करताना, एकेक. निवांत, नीट, घडी मोडू नये अशा बेताने. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याच्या नीटनेटकेपणाचा संताप आला. "टाका ते!" ती ओरडली. "आहे तसं टाका आणि या!" मुलीला काय सांगायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं. घरी जाऊन कुठल्या तोंडाने सांगायचं, की मी त्याच्याशी बोलत नव्हते आणि म्हणून तो गेला?

तो बाहेर आला. हनुवटीपर्यंत कपडे, त्यातून नुसते डोळे दिसत होते. ताईने त्याला कपड्यांसकट ओढून गल्लीच्या पलीकडे नेलं.

खोली लगेच पडली नाही. आधी कौलं एकावर एक घसरली. मग खिडकीची चौकट तिरकी झाली, आणि तिच्यातून पलीकडचं आकाश दिसायला लागलं. मग मागची भिंत, फरशी, शिवणयंत्र, सगळं एकदमच गेलं, आणि खालून जो आवाज आला तो कानापेक्षा पायांना जास्त जाणवला. धुळीचा लोट वर आला. पुढची खोली उभी राहिली, मागून उघडी. तिथे खुंटीवर शिंप्याचा एक सदरा अजून लटकत होता.

खालून मशीनवाल्याने हाक दिली, की खाली कोणी नव्हतं, सगळे ठीक आहेत. तेव्हा ताई रस्त्यावरच बसली. तिने जावयाच्या हाताला हात लावला, नुसता लावला आणि काढून घेतला. तो म्हणाला, "मी चुकलो, आई. हसायला नको होतं." ती म्हणाली, "वेडे आहात तुम्ही," आणि पदराने डोळे पुसले.

मालक आले तोवर गल्ली माणसांनी भरली होती. त्यांनी पडलेली खोली पाहिली, शिंपी-शिंपीण जिवंत पाहिले, आणि त्यांच्या डोक्यातली चक्रं फिरायला लागली. मालक वाईट नव्हते. फक्त धंदेवाले होते. ते गर्दीकडे वळून म्हणाले, "आमच्या ताईंनी धोका वेळेवर ओळखला म्हणून बरं. त्यांचा अनुभव मोठा. नकाशात कुठे काय राहिलं ते आम्ही तपासूच." आणि खालच्या आवाजात ताईला म्हणाले, "बाकीचं ऑफिसात बोलू."

लोक ताईकडे कौतुकाने बघायला लागले. एकाने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिच्या शेजारी जावयाने तोंड उघडलं. "सर, सही माझी होती, ते बिंदू मीच—"

शिंपी भिंतीला टेकून उभा होता. गळ्यात टेप तशीच. ताईकडे बघत होता. खरं काय ते त्याला ठाऊक होतं आणि तो बघत होता, की ही बाई आता काय करते. तिला वाटलं, याने ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

ती गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. "मी ओळखलं वगैरे काही नाही," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "चूक माझी आहे. आकडा मी मनाने टाकला होता. यांनी सही केली ती माझ्यावर विश्वास ठेवून. ही खोली माझ्यामुळे पडलीय."

ग्लास पुढे केलेला हात हळूच मागे गेला. मालकांनी डोळे मिटले. गर्दीत कुजबूज सुरू झाली, आणि ताईला ती सगळी ऐकू येत होती.

शिंपी तिच्याजवळ आला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त जड गेलं. "आता परत मोजणी होईल ना?"

"होईल. पहिल्यापासून."

"तुम्ही येऊ नका. दुसरं माणूस पाठवा."

इतक्या वर्षांत असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. भांडले होते, शिव्या दिल्या होत्या, कुत्रं सोडलं होतं अंगावर. पण दुसरं माणूस पाठवा, असं कोणी नाही. "पाठवते," ती म्हणाली.

तो जायला वळला, दोन पावलं गेला आणि परत फिरला. "बाई, एक विचारू? हा आकडा एकट्या आमच्याच जागेत टाकलात, की अजून कुठे टाकलाय?"

सगळी दुपार ताईला हे सुचलंच नव्हतं. मीटिंगनंतर तिच्या हातून काय काय गेलं होतं? नदीकाठचं गोदाम. दवाखान्याच्या मागची जागा. डोंगराच्या पायथ्याची शाळा, तिथेही वरचा कोपरा झाडीत होता. प्रत्येक ठिकाणी तिने त्या त्या जमिनीला शोभेल असा आकडा काढला होता, आणि प्रत्येक फाइल न बोलता जावयाच्या टेबलावर टाकली होती. तिने जावयाकडे पाहिलं. त्याच्याही लक्षात आलं होतं, कारण त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली होती.

"शाळेत खोदाई कधीपासून आहे?" तिने विचारलं.

"आजपासून," तो म्हणाला. "आई, शाळा सुटायची आहे अजून."

तिने तिथेच, रस्त्याच्या मधोमध उभं राहून शाळेला फोन लावला.